मोठ्या एनचा ण

संपादक स्कूटरवरून घरी आले, चहा प्याले, अंगणातल्या केळीच्या घडाचं कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाले, "पीटर सर, यंदा नाताळ अंकासाठी तुमच्या कॉम्प्युटरच्या दिवसांवर लिहा. पण कळेल असं लिहा." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. आमच्या हिने स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा म्हटलं. तेव्हा कळेल असं लिहितो. नाही कळलं तर चूक माझी, कॉम्प्युटरची नाही. हे वाक्य मी नोकरीत असताना एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मी सर्व्हिस इंजिनियर होतो. मशीन विकणारे टाय लावून पुढे जायचे आणि पेढे खाऊन यायचे. मशीन अडलं की मी जायचो आणि बोलणी खाऊन यायचो. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. कंपनीचं ऑफिस अंधेरीला, पण मी पडलो निर्मळचा, त्यामुळे वसई-विरार पट्ट्यातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याच गळ्यात. आमच्या आळीत फोन एकट्या किराणा दुकानदाराकडे. तो सायकल हाणत यायचा आणि फाटकातूनच सांगायचा, "पीटर, कुणाचं तरी मशीन आजारी आहे." त्याला वाटायचं मी जनावरांच्या डॉक्टरसारखं काहीतरी काम करतो. फार चुकत नव्हता.

आता थोडं शिकवून घेतो. त्या काळातला आमचा कॉम्प्युटर म्हणजे एक मोठं खोकं आणि त्याला वायरीने जोडलेले एक-दोन टर्मिनल. टर्मिनल म्हणजे हिरव्या अक्षरांचा पडदा आणि पुढे कीबोर्ड. खोक्याच्या आत युनिक्स नावाची व्यवस्था. तिच्यात शिरायचं तर आपलं नाव टाइप करायचं, मग पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द. कारकून आपल्या नावाने शिरला की त्याला त्याचं काम तेवढं करता येई. पण सगळ्यांच्या वरचं एक नाव होतं, रूट. रूट झालात की सगळी दारं उघडी. अडलेली छपाई मोकळी करा, कुणाचं नाव काढून टाका, सगळं मशीन पुसून टाका, विचारणारं कुणी नाही. म्हणून रूटचा पासवर्ड एकदोघांनाच माहीत असायचा.

आपल्या नावाने आत गेल्यावर रूट व्हायचं असेल तर एस आणि यू ही दोन अक्षरं टाइप करायची. मशीन पडद्यावर 'पासवर्ड' असं लिहून तो विचारायचं. तो टाइप करताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नसे, आंधळ्यासारखं टाइप करायचं. बरोबर असेल तर आडव्या-उभ्या रेघांची एक खूण यायची. चुकलं तर मशीन एकच शब्द लिहायचं, सॉरी. का सॉरी, कशाबद्दल सॉरी, अक्षर चुकलं की माणूस चुकला, काही सांगायचं नाही. माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षं या सॉरीचा अर्थ लावण्यात गेली.

वसई पूर्वेला एक कारखानदार होते, पितळी नळ बनवायचे. एकदा त्यांना रूट होता येईना. मला म्हणाले, "पासवर्ड मला पाठ आहे हो, बायकोचं नाव आहे." टाकलं. सॉरी. स्पेलिंग बदलून टाकलं. सॉरी. सहाव्या सॉरीला साहेब घामाघूम. तेवढ्यात सौभाग्यवती डबा घेऊन आल्या. दोन मिनिटं आमची झटापट बघत उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माहेरचं नाव टाकून बघा." टाकलं, आणि उघडलं. लग्नात साहेबांनीच त्यांचं नाव बदललं होतं आणि मशीनमध्ये मात्र जुनंच ठेवलं होतं. बाई डबा उघडताना गालात हसत होत्या. साहेबांनी मला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं.

अशा गोष्टी सांगत बसलो तर अंक भरेल. पण मला एकच सांगायची आहे, कारण तिच्यात सॉरी मशीन म्हणत राहिलं, आणि म्हणायला हवं होतं दुसऱ्याच कुणीतरी.

वसईच्या पाचूबंदरला मच्छीमारांची एक सोसायटी होती. बोटींना डिझेल आणि बर्फ पुरवायची. तिचे चेअरमन एक वयस्क नाखवा. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी कॉम्प्युटर बघितला आणि बंदरावरचा पहिला कॉम्प्युटर आपल्या सोसायटीत आणायचाच असं मनात घेतलं. मी तो बसवायला गेलो तेव्हा त्याला हार घातलेला, खोलीबाहेर चपला काढायला लावलेल्या आणि खिडकीखाली जवळ्याचा ढीग वाळत घातलेला. चालवणार कोण, तर कमल. बंदरावरचीच मुलगी, दहावी झालेली, हुशार, कमी बोलणारी. बापाची बोट होती ती त्याच्या कमरेच्या दुखण्यात विकली गेली. घरात तिचा पगार तेवढा. चेअरमनना त्या खुर्चीत आपला भाचा दिलीप हवा होता, पण कमिटीने कमलला घेतलं, आणि दिलीपला पावती खात्यात बसवलं. दिलीप इंग्रजी टायपिंग पास होता आणि हे तो दिवसातून एकदा सांगायचा.

रूटचा पासवर्ड मी ठरवला. कंपनीत आम्हाला बजावलेलं असायचं, साधा शब्द ठेवू नका. मी शक्कल लढवली. शब्द ठेवला 'पाणी'. पण स्पेलिंगमध्ये पी, ए आणि आय लहान, आणि ण दाखवायला मधला एन मोठा, कॅपिटल. युनिक्सला लहान एन आणि मोठा एन ही दोन वेगळी अक्षरं. माझ्या अकलेवर मीच खूश झालो.

लिहून ठेवायचं नाही, म्हणून कमलकडून तोंडपाठ करून घेतलं.

"म्हण बघू, काय आहे?"

"पानी," ती म्हणाली.

"पानी नाही. पाणी. ण. बाणातला ण. म्हणून तर मोठा एन."

"हां. पानी, मोठ्या एनचा."

खोलीत चेअरमन होते, दिलीप होता, कमिटीची दोन माणसं होती. मला चेव आला. मी म्हटलं, "बाई गं, तुला ण म्हणता येत नाही तोवर हे मशीन काही तुला उघडायचं नाही." सगळे हसले. त्यातले तिघे स्वतः पानीच म्हणायचे, तरी हसले. कमल कीबोर्डकडे बघत राहिली आणि मग तिने आंधळेपणी चारही अक्षरं बिनचूक टाकली. रूटची खूण आली. ती खूण बघून म्हणाली, "जाळं आलं." त्या आडव्या-उभ्या रेघा तिला जाळ्यासारख्या दिसल्या. पुढे मीही त्या खुणेला जाळंच म्हणू लागलो.

इथे एक कबूल करतो. अंधेरीच्या ऑफिसात माझ्या तोंडून आमच्या वाडीतला एखादा शब्द निसटला की आमचे साहेब खुर्चीत मागे रेलून तो पुन्हा म्हणायला लावायचे, आणि सगळं ऑफिस हसायचं. मी शिकलो, जपून बोलायला लागलो. आई घरच्या बोलीत काही विचारायची आणि मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो, इतका शहाणा झालो. साहेबांचं उट्टं मी कमलवर काढलं. तेव्हा हे मला सुचलंही नव्हतं.

नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस आले. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की बोटी निघणार. त्याआधी प्रत्येक बोटीची डिझेलची चिठ्ठी मशीनमधून छापून निघायला हवी, कारण पंपवाल्याला आता हाताने लिहिलेली चिठ्ठी चालेना. किराणावाला सायकल हाणत आला. "पीटर, बंदरावर लवकर जा. तिथलं मशीन आजारी आहे आणि माणसंपण गरम आहेत."

गेलो. सोसायटीच्या ओट्यावर पन्नासेक माणसं बिड्या ओढत बसलेली. आत चेअरमन, कमिटी, दिलीप आणि भिंतीला टेकून उभी कमल. तिच्या खुर्चीत दिलीप. छपाई मध्येच अडकली होती. मोकळी करायला रूट व्हायला हवं आणि सकाळपासून मशीन सॉरी म्हणत होतं.

"हिने पासवर्ड बदललाय," दिलीप म्हणाला.

"मी नाय बदलला, सर," कमल म्हणाली. "मी तुम्ही दिलेलाच टाकते."

मी तिला विचारलं, सगळ्यांसमोर विचारलं, "ण टाकलास की न?"

तिने माझ्याकडे बघितलं. "मोठाच एन टाकला, सर."

ओट्यावरून कुणीतरी हसलं. मी बसलो. स्वतः एस-यू टाइप केलं, स्वतः पासवर्ड टाकला, मोठा एन चांगला दाबून टाकला. सॉरी. परत टाकला. सॉरी. तीनदा टाकला आणि तीनदा तेच. दुसरं टर्मिनल होतं, पण खाऱ्या हवेने त्याने केव्हाच मान टाकली होती. मला मुंबईच्या कंपनीचा तज्ज्ञ म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं. मी चेअरमनकडे वळून छातीठोकपणे म्हटलं, "पासवर्ड बदललेला आहे."

बस. एवढंच बोललो. पासवर्ड तसा त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला होता, पण रूट होऊन तो बदलता येणार कुणाला, तर मला आणि तिला. मी बदलला नव्हता. हिशेब लहान मुलालाही करता यावा असा होता. चेअरमन म्हणाले, "चार वाजता कमिटी बसवतो. पोरी, तू चाव्या देऊन ठेव." कमलने पदराच्या गाठीतून कपाटाच्या चाव्या काढून टेबलावर ठेवल्या. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, अंधेरीहून खास फ्लॉपी आणून मशीन सुरुवातीपासून चालू करावं लागेल, म्हणजे पासवर्ड टाळून आत शिरता येईल. जायला-यायला दिवस मोडणार. तोवर ओट्यावरच्यांचं काय, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी विचार केला नाही. बॅग भरायला लागलो. चेअरमन माणसांना समजवायला बाहेर गेले, त्यांच्या मागून बाकीचेही गेले. दिलीप चहा सांगायला गेला. खोलीत मी आणि कमल.

"सर," ती भिंतीजवळूनच म्हणाली, "सॉरीच्या आधी ही काठी कसली?"

"कसली काठी?"

"ही बघा. तिरकी. सॉरीच्या आधी हाय, पासवर्डच्या आधी पन हाय. आधी नसायची."

मी पडद्याकडे बघितलं. खरंच, सॉरीच्या पहिल्या अक्षराआधी एक तिरकी रेघ होती. मी तीन वेळा ते वाचलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. "तुला काय माहीत, आधी नसायची?"

"सुरुवातीला माझं लय चुकायचं. रोज चार-पाचदा सॉरी म्हनायचं मला. तवा काठी नसायची."

मी बॅग बाजूला ठेवून पडद्यासमोर बसलो. पुस्तकात वाचलेली आणि कधी न भेटलेली एक गोष्ट आठवली. फार जुन्या काळी काही टर्मिनल अशी होती की त्यांच्यावर लहान अक्षरंच नसायची, सगळी कॅपिटल. त्यांची सोय म्हणून युनिक्स बनवणाऱ्यांनी एक पळवाट ठेवलेली. शिरताना कुणी आपलं नाव सगळं कॅपिटलमध्ये टाइप केलं की युनिक्स समजायचं, या बिचाऱ्याकडे लहान अक्षरं नाहीत. मग ते त्याचं प्रत्येक मोठं अक्षर गुपचूप लहान करून आत घ्यायचं, आणि पडद्यावर सगळं मोठं दाखवायचं. जे मुळातच मोठं अक्षर असेल, जसा सॉरीचा एस किंवा पासवर्डचा पी, त्याच्याआधी ओळखीला तिरकी काठी मारायचं. पडद्यावर सगळं कॅपिटल आहे याचा मला संशय आला नाही, कारण सोसायटीच्या प्रोग्रॅममधलं सगळंच आमच्या माणसांनी कॅपिटलमध्ये लिहिलेलं.

दिलीप चहा घेऊन आला. मी विचारलं, "सकाळी मशीनमध्ये कोण शिरलं?"

"मी," दिलीप म्हणाला. "ही यायच्या आधी."

"तुम्ही सगळे ज्या नावाने शिरता, ते सोसायटीचं नाव कसं टाइप केलंत?"

"कॅपिटलमध्ये. मी कॅप्स लॉक लावूनच ठेवतो. नाखव्यांची नावं आहेत, बोटींना देवांची नावं आहेत. लहान अक्षरात लिहायची म्हणजे अपमान नाही का?"

यात त्याचा काही कावा नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. टायपिंगच्या वर्गात तसं शिकला असेल, किंवा घरात. सोसायटीच्या रोजच्या पासवर्डात मोठं अक्षर नव्हतं, त्यामुळे तो सुखाने आत शिरला. पण रूटचा पासवर्ड टाकायला गेलं की मशीन मोठ्या एनचा लहान एन करत होतं. कमल सकाळपासून बोटांनी ण म्हणत होती आणि मशीन न ऐकत होतं. मी बसलो, तेव्हा माझ्या ण चाही त्याने न केला. बाणातला ण शिकवणारा मी, मशीनसमोर तीनदा पानी म्हणून बसलो होतो.

मशीनमधून बाहेर पडलो. कॅप्स लॉक काढला. त्याचा दिवाही गेलेला होता, नाहीतर तो तरी बोलला असता. सोसायटीचं नाव लहान अक्षरांत टाकून पुन्हा शिरलो आणि उठून कमलला म्हटलं, "बस. तू टाक."

ती बसली. एस-यू. पासवर्ड. काठी नव्हती. तिने चार अक्षरं टाकली.

"जाळं आलं," ती म्हणाली.

दहा मिनिटांत छपाई सुरू झाली. प्रिंटरचा किर्र आवाज ऐकून ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. चेअरमन आत आले. मी त्यांना टर्मिनल, कॅपिटल, पळवाट असं बरंच काही सांगितलं. नाखव्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे पोरीने काय केलं नाय?"

"नाही," मी म्हटलं. "तांत्रिक अडचण होती."

चेअरमननी चाव्या उचलून कमलच्या हातात दिल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिलीप उठून पावती खात्यात गेला. सगळं कसं छान झालं. तांत्रिक अडचण. मी चुकीचं बोललो, विचार न करता बोललो, एका पोरीची रोजीरोटी माझ्या एका वाक्याने टेबलावर आली होती, यातलं काही मी म्हटलं नाही. सायकल काढून निर्मळला आलो. वाटेत दोन-तीनदा वाटलं, परत जावं. गेलो नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय हे मान्य करायचीही लाज वाटत होती.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तिने केली. म्हणाली, "सर, आता पासवर्ड मी ठरवते. रूटला पासवर्डाचे नियम नसतात ना?"

"नसतात. काहीही ठेव."

"मग तोंड फिरवा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्यानंतर ते मशीन असेपर्यंत, जितक्या वेळा मी पाचूबंदरला गेलो तितक्या वेळा ती म्हणायची, "तोंड फिरवा, सर," आणि मी जवळ्याच्या वासात उभा राहून खिडकीतून बोटी बघायचो. कुणालाही तो पासवर्ड कधी सापडला नाही. दिलीपने प्रयत्न केले असणार. मीही मनातल्या मनात बरेच केले.

बऱ्याच वर्षांनी ते मशीन भंगारात निघालं. त्याचं बटण शेवटचं बंद करायला मलाच बोलावलं. कमल तोवर सोसायटीची मॅनेजर झाली होती, केस थोडे पिकले होते, चष्मा लागला होता. खोकं उचलायला आलेली माणसं दाराशी थांबलेली. मी म्हटलं, "कमलताई, आता तरी सांगा. काय ठेवला होता?"

"पानी," ती म्हणाली. "साधं. चारही अक्षरं लहान."

मला हसू आलं. इतकी वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, आणि उत्तर माझ्या कानावर दर खेपेला पडत होतं. तिच्या, नाखव्यांच्या, ओट्यावरच्या सगळ्यांच्या तोंडून. मला ते चुकीचं वाटत असल्यामुळे ऐकूच येत नव्हतं. माणसं खोकं उचलायला वाकली. मी त्यांना जरा थांबायला सांगितलं.

"कमलताई," मी म्हटलं, "त्या दिवसाबद्दल सॉरी."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काठीवालं का साधं?"

"साधं," मी म्हटलं.